रात्रीतून निघून गेलेला मेस्त्री

ज्यांच्या गावात रेंज येते-जाते आणि एपिसोड अर्ध्यावर अडकतो, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा', 'काय' येतात त्यातले बरेच काढलेत. सगळे काढले असते तर तो मी उरलो नसतो.

मोखाड्याच्या एका मित्रानं विचारलं होतं: शिवाजी महाराजांच्या आरमारात फिरंगी कारागीर होते म्हणतात, ते खरं का? आणि असतील तर पुस्तकात आपल्याला ते का भेटत नाहीत?

खरं आहे. अगदी सुरुवातीलाच होते. आणि फारसे भेटत नाहीत, कारण ते टिकले नाहीत. एका रात्री आपलं बिऱ्हाड उचलून निघून गेले. ही गोष्ट रायगडावरची नाही, मालवणचीही नाही. आपल्या जव्हारहून वाडा-भिवंडी करत कल्याणला एसटी जाते ना, त्या रस्त्याच्या शेवटच्या टोकाला घडलेली आहे.

आधी आपल्या बाजूनं चित्र बघूया. साल १६५७. वर डोंगरावर जव्हारला मुकणे घराण्याचं राज्य. खाली किनाऱ्यावर वसईत पोर्तुगीज. वसई त्यांना १५३४ च्या तहानं गुजरातच्या सुलतान बहादूरशाहकडून मिळाली होती, म्हणजे तोपर्यंत सव्वाशे वर्षं झाली होती. पाच-सहा पिढ्या तिथंच जन्मल्या, तिथंच पुरल्या गेल्या. आपल्याला 'पोर्तुगीज' म्हटलं की लिस्बनहून बोटीतून उतरलेला गोरा माणूस डोळ्यासमोर येतो. वसईतल्या बऱ्याच पोर्तुगीजांनी लिस्बन कधी पाहिलंही नव्हतं. आई इथली, भाषा दोन्ही, पोट वसईच्या बाजारावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वसई आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. तिथं जहाजं बांधली जायची. मागे सागवानाची जंगलं, पुढे खाडी, मधे कुशल हात. जहाज बांधायला याहून जास्त काय लागतं?

आता ऑक्टोबर १६५७. महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. वय सत्तावीस. अजून राज्याभिषेक नाही, छत्र नाही, सिंहासन नाही. पुण्या-मावळातून घाट उतरून पहिल्यांदाच एवढा मोठा खाडीकाठ हातात आला. कल्याण हे फार जुनं बंदर, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. पण समोर अडचण होती जंजिऱ्याच्या सिद्दीची. तो पाण्यातून येई, कोकणातली गावं लुटी, माणसं धरून नेई आणि परत पाण्यात जाई. किनाऱ्यावर घोडा उभा करून त्याचा पाठलाग करता येत नाही.

म्हणून जहाजं हवीत. कल्याण आणि भिवंडीला सुमारे वीस लढाऊ जहाजांचं काम सुरू झालं. आणि या कामावर देखरेखीला माणूस होता रुई लैतांव व्हिएगस. पोर्तुगीज. त्याच्याच घरातला फेर्नांव व्हिएगसही सोबत होता. दोघांच्या हाताखाली वसईकडची तीनशेवर माणसं.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा परदेशी सरकारकडे नोकरी धरलेला चीफ इंजिनिअर, आणि येताना पूर्ण टीम घेऊन आलेला. फक्त परदेश म्हणजे खाडीचा वरचा काठ.

आता कुणी म्हणेल, पोर्तुगीजांच्या राजाचा प्रजाजन असलेला माणूस दुसऱ्याच्या चाकरीत कसा गेला? त्या काळात हे फारच सर्रास चालायचं. पोर्तुगीजांचे दिवस फिरले होते. डचांनी १६५६ ला कोलंबो घेतलं, १६५८ ला जाफना घेतलं आणि सगळी श्रीलंका पोर्तुगीजांच्या हातून गेली. गोव्याच्या तोंडाशी डच जहाजं येऊन उभी राहत. खजिना रिकामा होता आणि रिकाम्या खजिन्याचा मालक पगार वेळेवर देत नाही, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. तेव्हा तोफा ओतणारे, गोलंदाज, सुतार, खलाशी असे कितीतरी फिरंगी विजापूर, गोवळकोंडा, मोगल, जो रोख देईल त्याच्याकडे जात. व्हिएगस त्या वाटेनं गेलेल्यांपैकीच एक. कल्याणच्या नव्या धन्याला जहाजं हवी होती आणि यांना ती बांधता येत होती, एवढा सरळ व्यवहार.

बरं, एवढं काय येत होतं त्यांना, जे आपल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, सुतारांना येत नव्हतं? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण याचं उत्तर 'काहीच येत नव्हतं' किंवा 'सगळं आपलंच होतं' या दोन टोकांवर देऊन आपण मोकळे होतो.

नाव बांधणं आपल्या किनाऱ्याला नवं नव्हतं. तळाचा कणा टाकायचा, त्याला दोन्ही बाजूंनी बरगड्या बसवायच्या, वर सागाच्या फळ्या ठोकायच्या, फटींत कापूस ठासून राळ आणि तेल भरायचं, भरती बघून पाण्यात ढकलायची. मचवे, शिबाडं, गलबतं शेकडो वर्षं बनत होती. जुन्या काळी तर फळ्या खिळ्यांशिवाय, काथ्यानं शिवून बांधत. व्यापाराला, मासेमारीला ते पुरेसं होतं.

पण तोफ आली की हिशेब बदलतो. तोफ डागली की ती मागे जोरात धडक देते. ती धडक फळ्यांनी, बरगड्यांनी, सांध्यांनी सोसायची असते. तोफ किती वजनाची, कुठे ठेवायची, पाण्यापासून किती उंचीवर, दोन्ही बाजूंचा तोल कसा राखायचा, आणि एवढं सगळं करून नाव खाडीच्या उथळ पाण्यात चालली पाहिजे. यातला अनुभव त्या काळी पोर्तुगीजांच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसांकडे होता. तो अनुभव महाराजांनी पगारावर घेतला.

आता एक गंमत सांगतो. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर हलक्या, वल्ह्यांच्या, चपळ लढाऊ नावा वापरत. त्यांना ते 'सांगिसेल' म्हणत. हा शब्द आला कुठून? भाषेचे अभ्यासक म्हणतात, आपल्या रत्नागिरीतल्या संगमेश्वरावरून. तिथल्या लोकांच्या वेगवान नावांनी पोर्तुगीजांना इतकं सतावलं की त्यांनी तीच नाव आपल्या आरमारात घेतली, गावाच्या नावासकट. म्हणजे विद्या इकडून तिकडे गेली होती, आणि आता व्हिएगसच्या रूपानं खाडी ओलांडून परत येत होती. कोण कुणाकडून शिकलं हे ठरवायला बसलात तर रात्र पुरणार नाही.

आता जरा फोन हातात घ्या आणि नकाशा उघडा. कल्याण शोधा, दुर्गाडी किल्ल्याजवळ उल्हास नदी दिसेल. तिच्याबरोबर बोट सरकवत समुद्राकडे जा. ठाण्याच्या वर दोन वाटा फुटतात. एक वाट पश्चिमेला घोडबंदरावरून वसईच्या किल्ल्याच्या भिंतीखालून समुद्राला मिळते. दुसरी दक्षिणेला ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे उतरते. १६५९ साली वसई पोर्तुगीजांची. घोडबंदर पोर्तुगीजांचं. ठाणं पोर्तुगीजांचं. मुंबईसुद्धा अजून इंग्रजांना मिळायची होती, तीही पोर्तुगीजांचीच. भिवंडीची नाव निघाली तरी तिला त्याच खाडीत यावं लागणार.

दिसलं? महाराजांचा कारखाना बाटलीच्या पोटात होता आणि बाटलीचं बूच पोर्तुगीजांच्या हातात. जहाजं बांधणारी माणसंही त्यांचीच. इतकं अवलंबून राहून आरमार उभारायला काढणं हे धाडस होतं. पण दुसरा काठ तरी कुठे होता तेव्हा?

पोर्तुगीजांना आधी फारशी फिकीर वाटली नसावी. जहाजं सिद्दीसाठी आहेत असंच सांगितलं गेलं होतं आणि सिद्दी काही त्यांचा सोयरा नव्हता. पण वीस जहाजांचे सांगाडे खाडीकाठी उभे राहिल्यावर वसईच्या कॅप्टनला झोप लागेना. कारण पोर्तुगीजांचा सगळा डोलारा एका कागदावर उभा होता. त्याचं नाव 'कार्ताझ', म्हणजे परवाना. समुद्रात जहाज घालायचं तर आमच्याकडून कार्ताझ घ्या, पैसे भरा, नाहीतर जहाज जप्त. टोलनाकाच म्हणा, फक्त पाण्यावरचा. ज्याच्याकडे स्वतःची तोफांची जहाजं, तो हा परवाना कशाला मागेल? आज सिद्दी, उद्या आपण, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याच्या सरकारनं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं. त्यात शहाजीच्या मुलानं वसई-चौलजवळचा मुलूख घेतल्याचं, तो बळावत चालल्याचं आणि भिवंडी, कल्याण, पनवेल इथं लढाऊ जहाजं बांधल्याचं कळवलं आहे. आणि ही जहाजं समुद्रात येऊ देऊ नका, असा हुकूम कॅप्टनला दिल्याचंही. ऑगस्ट म्हणजे नारळी पौर्णिमेचा सुमार, समुद्र उघडायची वेळ. महाराजांच्या नौदलाविषयीची ही फार जुनी नोंद, आणि ती कौतुकाची नाही, भीतीची आहे. मला ती कुठल्याही पोवाड्याइतकीच मोलाची वाटते.

तोफ न उडवता हे आरमार थांबवायचा सोपा उपाय वसईकरांकडे होता. त्यांनी माणसं फोडली. वसईहून बोलणं करणारा गेला, व्हिएगसला गाठलं, समजावलं. काय सांगितलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो: तुझं घर वसईत, तुझं चर्च वसईत, तुझी जमीन वसईत. उद्या याच जहाजांची तोफ वसईवर वळली तर? व्हिएगसनं ऐकलं. फेर्नांवही तयार झाला. आणि महाराजांच्या अधिकाऱ्यांना सुगावा लागू न देता, रात्रीतून, सगळा जथा वसईला निघून गेला. सकाळी खाडीकाठी सांगाडे होते, मेस्त्री नव्हते.

काहीजण इथं लगेच 'गद्दार' म्हणतील. मला तसं म्हणवत नाही. तो महाराजांचा मावळा नव्हता, त्यानं कुठली शपथ मोडल्याचं कुणी लिहिलेलं नाही. पगारावर आला होता, घरच्यांनी बोलावल्यावर गेला. आपल्याकडची किती पोरं आज भिवंडीच्या गोदामात, बोईसरच्या कंपनीत, कुणी आखाती देशात कामाला आहेत. नोकरी एकीकडे आणि घर दुसरीकडे असलं की मन कुठे असतं, हे त्यांना विचारा. प्रश्न व्हिएगस का गेला हा नाहीच. खरा प्रश्न असा आहे, की तो गेल्यावर मागे काय उरलं?

तर बघूया. त्या वर्षी महाराजांपुढे जहाजं ही एकच काळजी नव्हती. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाचं प्रकरण झालं. मग पन्हाळा, शाइस्ताखान. १६६१ मध्ये मोगलांनी कल्याणच घेतलं, म्हणजे कारखान्याची जागाही हातची गेली. माणसं गेली, जागा गेली. एखाद्यानं हा नाद सोडला असता.

पण आरमाराचं काम थांबलं नाही. ते दक्षिणेला सरकलं, जिथं खाडीच्या तोंडावर पोर्तुगीजांचा किल्ला नव्हता. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः जहाजावर चढून कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. इंग्रजांनी तेव्हा मोजलेली संख्या आहे ८५ छोटी जहाजं आणि ३ मोठी. व्हिएगसच्या वेळची वीस कुठे आणि ही अठ्ठ्याऐंशी कुठे! मधे गेली होती फक्त पाच-सहा वर्षं. ही बांधली कुणी? कोकणातल्याच सुतारांनी, लोहारांनी. आणि चालवली कोळी, भंडारी, मुसलमान खलाशांनी. दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी ही सरदारांची नावं तुम्ही ऐकली असतील.

आणि ती जहाजं कशी होती? युरोपच्या जहाजांची नक्कल नव्हती. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी त्याला वेढा घातला. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. मराठ्यांच्या नावा लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यात घुसणाऱ्या. वारा पडला की इंग्रज जागेवर खिळायचे, आणि ह्या नावा रात्री रसद घेऊन बेटावर पोचायच्या. किल्ला शेवटी उभा राहिला. तोफेचं गणित फिरंग्याकडून घेतलं असेल, पण नाव कोणत्या पाण्यात चालवायची हे ज्याला ठाऊक, त्यानंच तिचा आकार ठरवला.

व्हिएगसचा धडा दरबारात विसरला गेला नव्हता, असं मला वाटतं. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपियनांविषयी, वेगळा मजकूर आहे: हे नुसते व्यापारी नव्हेत, यांना समुद्राजवळ जागा देऊ नये, सावध राहावं. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड कुठून आणायचं तेही आहे. राज्यातल्या अरण्यातला साग परवानगीनं तोडावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण लोकांनी ती झाडं पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. सागाचं जंगल रोज पाहणाऱ्या आपल्याला हा हुकूम वाचताना जरा जास्तच जवळचा वाटतो.

पण हाच धडा पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवला का? इथं मला थोडं लांब जावं लागेल, उत्तरेला. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बेन्वा द बॉयन नावाच्या साव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतलं. त्यानं कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतत होता. कारखाना उत्तम, तोफा इंग्रजांच्या तोडीस तोड. द बॉयन गडगंज होऊन १७९५ ला नोकरी सोडून परत गेला. त्याच्या शांबेरी गावात त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं आहे, ते आजही बघायला मिळतं. त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच आला.

मग १८०३. इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीनं जाहीर केलं की शिंद्यांच्या चाकरीतल्या ज्या इंग्रज अधिकाऱ्यांना निघून यायचंय त्यांनी यावं, पैशाची सोय करू. अनेक गेले. पेराँनं ऐन सप्टेंबरात, लढाई तोंडावर असताना, नोकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. कल्याणच्या खाडीवर जे १६५९ मध्ये रात्री घडलं, तेच एकशे चव्वेचाळीस वर्षांनी दिवसाढवळ्या घडलं. फरक एवढाच, की महाराजांच्या वेळी नुकसान झालं वीस सांगाड्यांचं आणि सावरायला वेळ होता. शिंद्यांच्या वेळी सगळी फौज त्या अधिकाऱ्यांच्या भरवशावर उभी होती. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत देशी गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेजवळच मेले. विद्या त्यांच्या हातात आली होती. त्यांना अधिकारी करायचं मात्र राहून गेलं होतं.

उलट्या दिशेची गोष्टही सांगितलीच पाहिजे, नाहीतर वाटेल की कारागीर फक्त युरोपातूनच येत होते. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी मेस्त्रीला मुंबईत आणलं. तो आला आणि राहिला. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली, पुढे थेट इंग्लंडच्या राजाच्या नौदलासाठी. १८१७ मध्ये मुंबईत सागवानातून बांधलेलं 'एचएमएस त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षं उलटून गेली. मुंबईतच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. इंग्रजांनी मेस्त्री बाहेरून आणला, पण त्याला गोदी दिली, जमीन दिली, मुलांना तेच काम दिलं. त्याला रात्रीतून निघून जावंसं वाटावं असं काही ठेवलं नाही.

आपल्या जव्हारचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगतो. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना महाराज इथून गेले आणि राजे विक्रमशहांनी त्यांच्या मंदिलात मानाचा शिरपेच खोवला, असं आपल्याकडे सांगतात. शिरपामाळावर सहलीला गेलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. म्हणजे वसईच्या पोर्तुगीजांना आता खाडीकडून नाही, तर डोंगराकडून शेजार आला. वसई मात्र १७३९ पर्यंत टिकली, चिमाजी आप्पा येईपर्यंत.

जाता जाता एक. या भागात मी किती वेळा 'मेस्त्री' म्हटलं आणि किती वेळा 'पगार' म्हटलं, मोजलं का कुणी? दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. त्यांच्या 'मेश्त्रे'चा आपण मेस्त्री केला, पैसे चुकते करण्याच्या त्यांच्या 'पागार'चा पगार. सकाळचा पाव, दुपारचा बटाटा, दाराची चावी, बांधकामावरचं घमेलं, हे सगळे त्यांचेच.

तुमच्या घरी, पाड्यावर, बाजारात असे आणखी शब्द सापडले तर व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात वाचून नाही, तुमच्याच आवाजात ऐकवतो.